दर्याघरातल्या दऱ्या

अक्षराचा आकार हा आमच्या घरात भांडणाचा विषय होईल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. भांडायला आमच्याकडे रीतसर विषय होते. बोंबील वाळत असताना कुत्र्याकडे लक्ष कोणी ठेवायचं, वाडीतला पंप कोणी बंद करायचा, आणि बाबा बोलतात की ओरडतात. बाबांनी उभी हयात बोईसरच्या एका कापडगिरणीत मागांच्या खडखडाटात काढली होती. तिथे शेजारच्या माणसाला तंबाखू मागायची तरी बोंब ठोकावी लागे. गिरणी बंद पडली, बाबा कायमचे घिवलीला घरी आले, पण आवाज गिरणीच्याच मापाचा राहिला. आईला ते हळूच म्हणून काही सांगत, ते पलीकडच्या वाडीत ऐकू जाई आणि तिथून कोणीतरी उत्तरही देई. सकाळी आधी समुद्र ऐकू यायचा, मग पंप, मग बाबा, आणि बाबा सुरू झाले की आधीचे दोन्ही ऐकू यायचे बंद. मी त्या आवाजातच अभ्यास केला आणि त्या आवाजातच पास झाले, त्यामुळे आजही घरात फार शांतता असली की मला कोणीतरी आजारी आहे असं वाटतं.

बाबांनी माझ्या दादाच्या लग्नासाठी म्हणून घरामागे, अगदी समुद्राच्या बाजूला, दोन खोल्या बांधल्या होत्या. दादाने लग्न केलं आणि पुण्याला राहायला गेला. खोल्या तशाच. नवीन चुन्याचा वास असलेल्या, आणि आत एका खाटेवर नारळ पसरलेले. आईच्या मनात त्या खोल्यांबद्दल एक बेत होता. ती बरीच वर्षं अणुकेंद्राच्या कॉलनीतल्या एकट्या राहणाऱ्या इंजिनियरांना डबे देत असे. स्वयंपाक तिचा असा की डबा उघडायच्या आधी जिन्यावरच भांडणं होत असं डबेवाला सांगायचा. पण आईचं दुःख वेगळंच होतं. "डबा जातो नि रिकामा येतो," ती म्हणायची. "जेवणाऱ्याचं तोंड मला कदी दिसलं नाय. भांडं चाटूनपुसून येतं, पन भांड्याला काय इचारू, आवडलं का म्हणून?" तिला माणसं हवी होती. मुंबईहून यावीत, आपल्या ओट्यावर बसावीत, पानावर पुन्हा वाढताना नको नको म्हणावीत आणि तरी तिने वाढावं. त्या दोन खोल्यांत तिला पाहुण्यांची सोय करायची होती. तिने नावही ठरवलं होतं, दर्याघर.

बाबांचा बेत निराळा. बोईसरचा एक कंत्राटदार कारखान्यांचे रिकामे ड्रम ठेवायला जागा शोधत होता, त्याने बाबांना गाठलं होतं. "ड्रमाला भूक लागत नाय," बाबा सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले. "ड्रम टावेल मागत नाय. ड्रमाला बाथरूम इंग्लिश हाय का देशी, हे सांगावं लागत नाय. नि इकडं येणार कोन? प्लांटची चिमणी बघायला?" आई म्हणाली, "चिमणीला काय झालं? आमी काय रातचे चमकतो का?" हे भांडण गणपतीत सुरू झालं आणि नवरात्रात मिटलं. मिटलं ते असं की नाताळच्या सुट्टीपर्यंत आईच्या खोल्यांत पाहुणे आले तर खोल्या आईच्या, नाहीतर ड्रमांच्या. आईने हे मान्य केलं आणि त्या क्षणी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा पालघरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते आणि संध्याकाळी बोईसरला वेबसाईट बनवण्याच्या क्लासला जात होते. मुंबईच्या माणसांना बोलावण्याचं काम माझ्यावर आलं. आईच्या तोंडावर तेव्हा जी आशा होती ती पाहून नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही, हे आज लिहायला हरकत नाही.

क्लास बोईसर स्टेशनसमोर, एका मिठाईच्या दुकानाच्या माडीवर. राऊत सर आमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, आणि एक ठाम तत्त्व: अक्षर जितकं बारीक तितका माणूस सुशिक्षित. "मोठं अक्षर चपलांच्या दुकानाच्या पाटीला," ते म्हणत. "वेबसाईट म्हणजे व्हिजिटिंग कार्ड." त्यामुळे क्लासमधली आम्ही सगळी पोरं नाक स्क्रीनला लावून बसायचो आणि सुशिक्षित व्हायचो. दर्याघराचं पान मी तिथेच तयार केलं. वर नाव, खाली आईने स्वतः रचलेली ओळ, "पायाखाली दर्या, डोक्यावर माड", त्याखाली जेवणाचे पदार्थ, आणि शेवटी आमच्या घरचा फोन नंबर. टायपिंगला क्लासचा एक खास मराठी फॉन्ट होता. त्यातली अक्षरं इतकी गोंडस की पापलेट हा शब्द वाचूनच भूक लागावी. सरांनी पाठ थोपटली. मी दुसऱ्याच दिवशी आईला दाखवायला पालघरला घेऊन निघाले, कारण तिथे कॉलेजजवळ एक बऱ्यापैकी सायबर कॅफे होता.

आईने त्या दिवशी हळदीकुंकवाला नेसायची साडी नेसली होती. मी पत्ता टाइप केला, पान उघडलं, आणि स्क्रीनवर जे आलं ते मी आजही विसरलेले नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याच्या खुणा, उलटी प्रश्नचिन्हं, एका शब्दात तीन वेळा डॉलर. आई पुढे वाकून अगदी मनापासून वाचायचा प्रयत्न करत होती. मग तिने विचारलं, "हे जर्मनीच्या लोकांसाठी हाय का?" मागे बसलेली कॉलेजची पोरं फिदीफिदी हसायला लागली. मी तिथूनच सरांना फोन लावला. सर शांतपणे म्हणाले, "अगं, तो फॉन्ट त्या कंप्युटरवर नसणार. गिऱ्हाइकाने तो उतरवून घ्यायचा, मग दिसतं. पानाच्या खाली मी तशी मराठीत सूचना टाकलीय." मी पानाच्या खाली गेले. सूचना होती. तीही त्याच फॉन्टमध्ये होती. म्हणजे दार कसं उघडायचं ते दाराच्या आतल्या बाजूला लिहिलेलं. आईने परत येताना एसटीत साडीचा पदर दोनदा नीट केला. मला तिची इतकी दया आली की मी तिला स्टँडवरची भजी घेऊन दिली, आणि तिने ती "तेल जुनं हाय" म्हणून सगळी खाल्ली.

यावर राऊत सरांनी शोधलेला तोडगा म्हणजे अख्ख्या पानाचं एक चित्रच करून टाकायचं. चित्राला फॉन्ट लागत नाही. हे खरं होतं. पण तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं आणि चित्र वरून खाली एकेक रेघ करत उतरायचं. पालघरच्या कॅफेत आम्ही पुन्हा गेलो. आधी माडाचे शेंडे आले. मग चहा आला. चहा संपला तेव्हा दर्याघरातला द आणि र दिसायला लागले होते. आईने मालकाला विचारलं, "पापलेटपावेतो यायला किती येळ लागंल?" मालक म्हणाला, "मावशी, कोळी लवकर आणून देईल." तोवर नवरात्रात सुरू केलेलं काम कार्तिकात पोचलं होतं, फोन एकदाही वाजला नव्हता, आणि बाबांनी खोल्यांतले नारळ हलवायला सुरुवात केली होती. ड्रमांना जागा मोकळी हवी म्हणून.

तेवढ्यात सर एक दिवस उजळ चेहऱ्याने क्लासला आले. नव्या कंप्युटरांबरोबर मराठी फॉन्ट आपोआप येतो, वेगळा उतरवावा लागत नाही, जगात कुठेही उघडा, मराठी ते मराठीच दिसणार. फॉन्टचं नाव मंगल. मी घरी येऊन हे सांगितलं तर बाबा म्हणाले, "मंगळ हाय? मंग जुळनार कसं?" आणि आश्चर्य म्हणजे त्यांचं म्हणणं खरं निघालं. क्लासच्या नव्या मशीनवर पान छान दिसलं. कॅफेच्या जुन्या मशीनवर नुसत्या चौकटी, ओळीने मांडलेल्या, रिकाम्या. पालघरच्याच एका फोटो स्टुडिओत अर्धवट खाल्लेल्या फळाचं चित्र असलेला भारी कंप्युटर होता, त्याच्यावर अक्षरं दिसली पण वेलांट्या अक्षर सोडून बाजूला उभ्या, आणि प्रत्येकीच्या पोटात ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ. बोंबील तर असा दिसत होता की तो कोणी खाल्ला नसता. आई त्या कंप्युटरकडे बघून म्हणाली, "फळ चिकूचं असतं तर चाललं असतं. हे इकडचं नाय, म्हणून त्याला कळत नाय." स्टुडिओवाल्याने मशीनवर कापड टाकलं.

तरी चौकटी दिसणाऱ्या जुन्या मशीनी हळूहळू जातील, नव्या येतील, असा धीर सरांनी दिला, आणि मग खरं भांडण सुरू झालं, आकाराचं. मंगल फॉन्ट सरांच्या आवडत्या मापात टाकला की त्यातल्या मात्रा, अनुस्वार आणि उकार सगळे एकमेकांच्या अंगावर चढून बसायचे. इंग्रजी अक्षर बारीक केलं तर बारीक दिसतं, आपलं बारीक केलं तर चिखल होतो, कारण आपल्या अक्षराला डोक्यावरही काहीतरी असतं आणि पायाखालीही. हे आज मला कोणीही विचारलं तर मी अर्धा तास सांगू शकते, आणि कोणी विचारत नाही. आई चौथीपर्यंत शिकलेली, ती बोट ठेवून मोठ्याने वाचायची. क्लासमध्ये येऊन तिने सरांच्या देखत वाचलं, "को-लं-बी-चं... का-ल-व-न... भा-क-री... हे पुढचं काय हाय? मुंगी मेलीय का?" सर म्हणाले, "मावशी, हे व्हिजिटिंग कार्ड आहे." आई म्हणाली, "बाबा, कारड डोळ्यापाशी नेता येतं. हे तुजं टेबल कसं नेऊ?" मग आईने स्वतःची सूचना केली, ती म्हणजे पिवळ्यावर लाल आणि तेही जाड. सरांनी डोळे मिटले. मी दोघांच्या मधे कुठेतरी एक माप धरलं, काळं अक्षर, पांढरं पान, ओळींत हवा. दोघंही नाराज झाली, त्यावरून मी ओळखलं की बरोबर असणार. (आता माझ्याच फोनवर अक्षराचं माप सगळ्यात मोठं ठेवलेलं आहे. माझी मुलगी म्हणते, आई, तुझा मेसेज समोरच्या सीटवरच्या माणसाने वाचून मला सांगितला.)

राहिला होता एकच दोष, आणि त्यानेच सगळा घोळ केला. आपल्या मराठीत किनाऱ्यावर, वाऱ्यावर असे शब्द असतात. त्यातला तो अर्धा र चंद्रकोरीसारखा आडवा होऊन य ला चिकटतो. हिंदीला तो लागत नाही, म्हणून कंप्युटरला तो पटकन सापडत नाही. मला तो काढायचा कसा हेच माहीत नव्हतं, त्यामुळे माझ्या पानावर सगळीकडे य च्या डोक्यावर रफार बसलेला होता, सूर्य शब्दात असतो तसा. आई बोट ठेवून वाचताना अडायची, "किनार... किनार्-यावर? असं कोन बोलतं?" मी सरांना म्हटलं, एवढं दुरुस्त करा. सरांना ती चंद्रकोर कुठल्या बटणावर आहे ते अखेर सापडलं. त्यांनी बोईसरहून फोन केला, "झालं. एका फटक्यात सगळीकडे बदलून टाकलं. एकही सुटला नाही." मी क्लासला जाऊन पान उघडून बघितलं. किनाऱ्यावर, वाऱ्यावर, सगळं कसं जागच्या जागी. वरचं नाव मी बघितलं नाही. एवढ्या मोठ्या अक्षरातलं कोण वाचतं?

नाताळच्या आठवडाभर आधी फोन वाजला. मी वाडीत होते, आईने उचलला. तो संवाद तिने नंतर मला, बाबांना, शेजारणीला आणि डबेवाल्याला शब्दशः सांगितला, म्हणून मला तो पाठ आहे. ठाण्याहून कोणी अनघाताई बोलत होत्या, सात-आठ जणांचा गट होता, दोन रात्री राहायचं होतं. त्यांनी विचारलं, "दऱ्या खरंच तुमच्या घराच्या मागेच आहेत का?" आमच्याकडे बोलताना दर्या आणि दऱ्या यांत फार फरक कोणी ऐकत नाही. आई म्हणाली, "मागंच हायत. खिडकीतून दिसतात." "खूप खोल आहेत का?" "खोल हायत तर!" "उतरायला अवघड?" "ओहोटीला उतरा. भरतीला नको, ओढ लागते." पलीकडे कोणाशी तरी कुजबुज झाली. मग, "दोर आणायचे का आम्ही?" आई म्हणाली, "आणा. आमच्याकडं होडीचा हाय, पन तुमचा असला तर बरा." फोन ठेवून आई आनंदाने अशी लाल झाली होती की मला वाटलं मिरची भाजत होती. "चांगल्या घरची बाई हाय," ती म्हणाली. "दर्याला अहोजाहो करती. नायतर आजकाल कोन करतं?"

ती मंडळी आली ती अशी: पायात घोट्याच्या वरपर्यंत बूट, पाठीवर पिशव्या, खांद्यावर दोरांची वेटोळी, दोघांच्या डोक्यावर शिरस्त्राणं. आमच्या गावात सगळ्यात उंच जागा म्हणजे शाळेच्या ओट्याची पायरी. रिक्षातून उतरून ती माणसं सपाट वाडीकडे, सपाट वाळूकडे आणि त्यापलीकडच्या त्याहून सपाट समुद्राकडे बघत उभी राहिली. अनघाताई पन्नाशीच्या, काटक, केस बारीक कापलेले. त्यांनी आईला नमस्कार केला आणि हसून विचारलं, "दऱ्या कुठल्या बाजूला?" आईने कौतुकाने हात पसरून समुद्र दाखवला. "ह्या काय!" मग गटातले एक जोशी नावाचे गृहस्थ, ज्यांना सगळं आधीच माहीत असतं अशा जातीचे, खिशातून पानाची छापील प्रत काढून बाबांच्या नाकासमोर धरते झाले. बाबांनी चष्मा लावला आणि गिरणीच्या आवाजात वाचलं, "दऱ्याघर. पायाखाली दऱ्या, डोक्यावर माड. किनाऱ्यावरून सूऱ्यास्त. पऱ्यटकांची उत्तम सोय." वाडीतल्या कोंबड्या उडाल्या. मला तेव्हा कळलं की सरांचा एकही खरंच सुटला नव्हता.

बाबा माझ्याकडे बघत होते, आणि मला त्यांच्या डोळ्यांत ओळीने मांडलेले ड्रम दिसत होते. जोशी म्हणत होते की आपण नकाशा बघितला होता, पण नकाशात लहान दऱ्या दाखवत नाहीत, आणि ओहोटी म्हणजे इकडे उताराला म्हणत असतील असं आपल्याला वाटलं. आई दारात उभी. तिला फॉन्ट कळला नाही, चंद्रकोर कळली नाही, एवढंच कळलं की पाहुणे चुकून आलेत आणि आता जातील. ती सकाळपासून उकडहंडी लावून बसली होती. कंद, वालपापडी, रताळी, सगळं मडक्यात भरून, तोंड बांधून, मडकं उलटं करून वर गोवऱ्या पेटवलेल्या. ती अगदी हळू म्हणाली, "जायचं तर जा. पन जेवून जा. मडकं मी आता फोडलं नाय तर करपंल." तिचा तो आवाज ऐकून मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

अनघाताईंनी आधी जोशींकडे बघितलं, मग छापील पानाकडे, आणि त्यांना जे हसू फुटलं ते त्यांना आवरेना. त्या आमच्या ओट्यावर बसल्या आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागल्या. एक बसला की सगळे बसतात. मडकं फुटलं, ओव्याच्या पानांचा वास घरभर झाला, तांदळाच्या भाकऱ्या निघायला लागल्या, बोंबील तव्यावर पडले. जोशी मासे खात नव्हते, त्यांनी त्याच्या भरपाईसाठी उकडहंडी एकट्याने अर्धी संपवली. आई वाढत होती आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. अगदी रोखून बघत होती, लहान मुलाला औषध देताना बघतात तसं. एका मुलीने पुरे पुरे म्हणून पानावर आडवा हात धरला, तर आईने तिच्या बोटांच्या फटीतून भाकरी घातली.

दुपारी ओहोटी लागल्यावर बाबा म्हणाले, दोर आणलेच हायत तर चला. आमच्याकडे पाणी आत गेलं की काळे खडक उघडे पडतात, मधे भेगा असतात, कमरेएवढ्या, त्यांत कालवं आणि खेकडे. त्या भेगांना बाबांनी दऱ्या म्हणून दाखवलं, आणि ठाण्याच्या त्या गटाने शिरस्त्राणं घालून, दोर बांधून, शिस्तीत त्यांत उतरून दाखवलं. समुद्रावर वारा असा की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. फक्त बाबांचं यायचं. "डाव्या पायाखाली शेवाळ! जोशी, खेकड्याला हात लावू नका!" गिरणी सुटल्यापासून बाबांचा आवाज कोणाच्या उपयोगी पडला तो त्या दुपारी. ते एका उंच खडकावर उभे होते, धोतर खोचून, आणि इतके खूश होते की मी त्यांना तसं त्याआधी पाहिल्याचं मला आठवत नाही. जोशींनी खेकड्याला हात लावला, ते सोडा.

आम्ही परत येतो तर दारात टेंपो उभा. कंत्राटदाराला सुट्टीमुळे रस्ता मोकळा मिळाला म्हणून त्याने ड्रम ठरल्या दिवसाआधीच पाठवले होते. निळे, एकावर एक बांधलेले, वाडीतल्या फणसाच्या फांदीपर्यंत पोचलेले. ड्रायव्हर दोर सोडत म्हणाला, "चाचा, कौन से कमरे में लगाऊँ?" आई स्वयंपाकघराच्या दारात आली. तिच्या हातात झारा होता आणि ती बाबांकडे बघत होती, कारण कंत्राटदाराला शब्द बाबांनी दिलेला होता. बाबा आधी ड्रमांकडे बघत राहिले, मग खोल्यांकडे. खोलीच्या दाराबाहेर बुटांची रांग होती, दोरीवर ओले मोजे होते, आणि आत जोशी बोटाला हळद लावून घेत होते. बाबांनी घसा खाकरला.

"कमरा खाली नहीं है," ते म्हणाले.

ते गावात सगळ्यांनी ऐकलं. ते कॉलनीच्या कुंपणापर्यंत ऐकू गेल्याचंही काही जण सांगतात. ड्रायव्हर म्हणाला, "सेठ ने तो बोला था... कब खाली होगा?" बाबांनी हात केला आईकडे. "उनको पूछो. कमरा उनका है." ड्रायव्हरने वळून विचारलं, "भाभीजी, कब खाली होगा?" आईचं हिंदी बाजारात मासे विकत घेण्यापुरतं होतं. तिने झारा खाली केला आणि म्हणाली, "नाय होगा." मग तिने त्यालाही जेवायला बसवलं. ड्रम फणसाखाली तासभर उभे राहिले आणि आल्या वाटेने गेले.

दोन रात्री राहून मंडळी गेल्यावर मी बोईसरला जाऊन ते नाव दुरुस्त करायला निघाले, तर आईने मला थांबवलं. म्हणाली, "नाव बदल, पन त्याच्या आदी एक टाक. खोल्या खाली नाहीत. सगळ्यात वर. नि हे तू त्या सराला इचारू नको, मी सांगते त्या मापाचं टाक." मी म्हटलं, आई, खोल्या आता रिकाम्याच आहेत, आणि असं लिहिलं तर कोणी येणार नाही. ती म्हणाली, "नको येऊ दे. वाचू तर दे." तिचं तोंड बघून मी पुढे वाद घातला नाही. मी ती ओळ टाकली. इतकी मोठी की खाली बाकीचं पान दिसायला उतरावं लागे. ती क्लासच्या मशीनवर दिसली, फोटो स्टुडिओच्या मशीनवर एक वेलांटी सोडून दिसली, आणि कॅफेवाल्याने नवा कंप्युटर घेतला होता त्याच्यावर आईने ती रस्त्यातून, दारातूनच, बोट न ठेवता वाचली.

जानेवारी निम्मा गेला तरी घरातला फोन गप्प. बाबा त्याच्यासमोर येरझाऱ्या घालायला लागले. दोनदा त्यांनी रिसीव्हर उचलून आत आवाज येतोय का ते बघितलं. खोल्यांना त्यांनी पुन्हा चुना लावला होता आणि वारा असला की कुठल्या भेगेत कोणाला उतरवायचं हे ठरवून ठेवलं होतं. शेवटी एका दुपारी त्यांचा धीर सुटला. "फोन का वाजत नाय?" त्यांनी विचारलं, आणि पलीकडच्या वाडीतून कोणीतरी म्हणालं की आमाला नाय म्हायती.

आई बोंबील निवडत होती. तिने वर बघितलंही नाही. "वाजंल कसा?" ती म्हणाली. "लोकांना वाचता येतंय."